सोन्याचें हरिण रंगवितांना

चित्रकाराला काढण्यास सर्वांत अवघड काय आणि सर्वांत सोपें काय, असा प्रश्न एका राजानें विचारल्याची गोष्ट इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या हान फेई ह्या चिनी ग्रंथकारानें लिहून ठेविली आहे. चित्रकाराचें उत्तर असें कीं, कुत्रा आणि घोडा हे सर्वांत अवघड. ते रोज सर्वांच्या डोळ्यांपुढें असतात, आणि त्यांत रेसभर चूक झाली तरी शेंबडें पोरहि ती दाखवून देतें. भुतेंखेतें मात्र सोपीं. तीं कोणीं पाहिलीं आहेत? उत्तर चतुरपणाचें आहे खरें. परंतु आज टॅब्लेटच्या कांचेवर लेखणी टेकून जो मुलगा किंवा जी मुलगी एखादें काल्पनिक जनावर रंगवावयास बसते, तिला आठ दिवसांच्या आंत कळून चुकतें कीं प्रकार नेमका उलट आहे. कुत्र्याचें चित्र बिघडलें तर पाहणारा म्हणतो, "कुत्रा आहे, पण साधला नाहीं." काल्पनिक जनावराचें चित्र बिघडलें कीं जनावरच नाहींसें होतें; मागें उरतात ते नुसते रंगाचे डाग.

पंचवटींतील मुलांना असल्या जनावराची ओळख मुद्दाम करून द्यावी लागत नाहीं. गोदावरीच्या डाव्या तीरावर, काळ्या रामाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर सीतागुंफा आहे, आणि ज्या वडांवरून ह्या वस्तीला नांव पडलें ते वडहि तिच्यापाशींच दाखविले जातात. मारीचाची कथा ह्याच भूमीवर घडली अशी श्रद्धा असल्यामुळें, हरिण सोन्याचें होतें ही गोष्ट येथल्या पोराला अक्षरओळखीच्याहि आधीं ठाऊक असते. अशा घरांतील मुलानें पहिलें चित्र म्हणून परदेशी खेळांतला आग ओकणारा ड्रॅगन घ्यावा कीं मारीच घ्यावा, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. शिकण्याच्या दृष्टीनें पाहिलें तर मारीच अधिक फायद्याचा. कारण वाल्मीकीनें अरण्यकांडांत त्याचें वर्णन एखाद्या रंगाऱ्याला यादी करून द्यावी तसें दिलें आहे. शिंगांचीं टोकें रत्नांचीं, तोंड कांहीं भागीं गोरें, कांहीं भागीं काळसर, कान इंद्रनीळासारखे, बगला मोहाच्या फुलाच्या रंगाच्या, खूर वैडूर्याचे, वर उभारलेलें शेपूट इंद्रधनुष्याचें, आणि सर्वांगावर रुप्याचे शेंकडों ठिपके.

नवशिका ही यादी वाचतो आणि एकेक रंग उचलून त्या त्या जागीं भरून टाकतो. होतें काय, तर पोळ्याचा बैल होतो. तोहि बरा म्हणावयाचा. कारण पोळ्याच्या झुलीखालीं खराखुरा बैल उभा असतो. येथें झूल असते, पण आंत कोणीच नसतें.

हें आंतलें जनावर आधीं उभें केलें पाहिजे, असें लिओनार्दो द व्हिंची ह्यानें पांचशें वर्षांपूर्वीं आपल्या टिपणांत सांगितलें आहे. काल्पनिक प्राणी खरा वाटावयाचा असेल तर त्याचा प्रत्येक अवयव कोणत्या तरी खऱ्या प्राण्यावरून घ्यावा: ड्रॅगन काढावयाचा तर डोकें शिकारी कुत्र्याचें, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, मान पाणकासवाची, असा त्याचा सल्ला. मारीचालाहि ही युक्ति अवगत होती असें दिसतें. त्याचें हरिण रत्नांनीं मढलेलें होतें खरें, पण तें कोवळीं पानें खात होतें, बसत होतें, उठून पुन्हां चालत होतें. सीता भुलली ती ह्यामुळें. लक्ष्मणानें मात्र असें रत्नखचित हरिण जगांत असत नाहीं म्हणून लगेच शंका घेतली. त्याला ह्या चित्राचा पहिला टीकाकार म्हणावयास हरकत नाहीं. आणि रानांतली खरीं हरिणें जवळ आलीं, त्यांनीं वास घेतला, आणि तीं दाही दिशांना पळालीं. वाल्मीकीनें हा बारकावा सोडलेला नाहीं. नवशिक्यानें तो भिंतीवर लिहून ठेवावा इतक्या मोलाचा आहे: रंग पाहून भुलणारे असतात, तसेच वास घेऊन ओळखणारेहि असतात.

तेव्हां पहिले कांहीं दिवस सोनें विसरावें आणि चितळ पाहावें. त्याचे ठिपके वाटेल तसे विखुरलेले नसतात; पाठीच्या कडेनें त्यांच्या ओळी लागलेल्या दिसतात. पाय बारीक असले तरी मागच्या पायाचा वळणाचा सांधा ठळक असतो. एवढें हातांत बसलें कीं मग रंगाकडे वळावें.

साधनांविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं. क्रिता नांवाची संगणकावरील चित्रकलेची आज्ञावली फुकट मिळते, आणि नवशिक्याला तींत कशाचीहि उणीव भासणार नाहीं. महागाची टॅब्लेट नसल्यामुळें आपलें चित्र वाईट येतें अशी समजूत असलेल्यानें पेन्सिल-कागदावर एक लिंबू काढून त्यावर छाया घालून पाहावी. दोष कोठें आहे तें लगेच दिसतें. समजून घ्यावयाची खरी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे लेअर, अर्थात् थर. संगणकावरील चित्र एका कागदावर नसतें. एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या थरांवर असतें, आणि एका थरावरची चूक खोडतांना दुसऱ्याला धक्का लागत नाहीं. फोटोशॉप ह्या प्रसिद्ध आज्ञावलींत ही सोय १९९४ सालीं आली. परंतु कल्पना तिच्याहून पुष्कळ जुनी आहे. राजा रविवर्मा ह्यांनीं १८९४ त मुंबईस शिळाछापखाना काढला व तो पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्या छापखान्यांतलें लक्ष्मी-सरस्वतीचें चित्र एका दगडावरून निघत नसे. प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड. कागद एकामागून एक त्या सर्वांवरून जावयाचा, आणि एक दगड केंसभर सरकला तर देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर यावयाचा. त्र्यंबकेश्वरीं १८७० त जन्मलेले आणि नाशिकास १९४४ त वारलेले दादासाहेब फाळके हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं ह्याच छपाईच्या विद्येंत मुरलेले होते. आज पंचवटींतला मुलगा बोटानें थर वर-खालीं सरकवितो, तेव्हां तो ते दगडच सरकवीत असतो. फक्त त्यांचें ओझें गेलें आहे.

सर्वांत वरचा थर रेषेचा. त्याखालीं सपाट रंगाचा: अंग पिवळें, कान निळे, खूर हिरवट, कोठेंहि छाया नाहीं. येथेंच कित्येकांचें चित्र संपतें, आणि त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी पिढ्यान् पिढ्या रामायणांतले प्रसंग जाड रेषेनें व सपाट रंगानें काढीत आले. त्यांपैकीं परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ त पद्मश्री मिळाली. त्या चित्रांना छायेची गरज नसते, कारण त्यांतल्या रेषेंतच सर्व बळ असतें. छाया घालणें ही सक्ति नव्हे. परंतु एकदां घालावयाचें ठरलें कीं मग ती अर्धीमुर्धी घालून चालत नाहीं.

छायेचा पहिला नियम असा कीं, आधीं दिवा कोठें आहे तें ठरवावें. हा नियम सर्वांना पाठ असतो आणि जवळजवळ कोणी पाळीत नाहीं. नवशिका प्रत्येक अवयवाच्या कडेकडेनें गडद रंग फिरवितो आणि मधोमध उजेड ठेवतो. मांडी एक उशी होते, पोट दुसरी उशी, मान तिसरी. उजेड जणूं पाहणाऱ्याच्या कपाळांतून निघाला आहे! ह्यावर उपाय घरगुती आहे. रात्रीं खोलींतले सर्व दिवे मालवून एकच दिवा डाव्या बाजूला ठेवावा व टेबलावर एक अंडें ठेवावें. त्याच्या उजव्या अंगावर हळूहळू गडद होत जाणारी छाया दिसेल. ती अंड्याच्या गोलाईची. टेबलावर पडलेली सावली निराळी. तिची कड अंड्याजवळ रेखीव आणि दूर जाल तशी पुसट. शिवाय नीट पाहिलें तर अंड्याच्या अगदीं उजव्या कडेला, छायेच्याहि पलीकडे, मंद उजेडाची एक पट्टी दिसेल. ती टेबलावरून उसळून आलेल्या प्रकाशाची. ह्या तीन गोष्टी ज्याला दिसल्या त्याच्या हरिणाचें पोट पुन्हां उशी होणार नाहीं. पोटाखालीं गवत असेल तर तेथें हिरवट उजेड चढेल. शिंगाची सावली मानेवर पडेल आणि मानेच्या गोलाईप्रमाणें वाकेल.

दुसरी अडचण रंगाची. छाया म्हणजे काळें, असा समज लहानपणापासून मनांत बसलेला असतो. सोनेरी पिवळ्यावर काळें मिसळून पाहावें: सोन्याची छाया न होतां शेवाळ आल्यासारखा हिरवट, मळकट रंग होतो. ह्या ठिकाणीं पंचवटींतल्या मुलाला एक मोठा शिक्षक घराजवळच मिळतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकर ह्यांनीं बांधविलेलें काळ्या रामाचें देऊळ काळ्या पाषाणाचें आहे, असें सर्वजण म्हणतात. सकाळीं आठाच्या सुमारास पूर्वेच्या महाद्वाराशीं उभें राहून त्या पाषाणांत काळा रंग शोधावा. उन्हांतला दगड तपकिरी-करडा दिसतो. सावलींतला दगड निळसर. कारण सावलींत ऊन पोंचत नसलें तरी निळें आकाश पोंचतें. निखळ काळें सांपडतें तें दोन चिऱ्यांच्या फटींत, जेथें आकाशहि पोंचत नाहीं. चित्रांतहि काळें तेथेंच ठेवावें: खुरांच्या मधल्या भेगेंत, नाकपुडींत, शिंगाच्या मुळाशीं.

संगणकावर ह्यासाठीं 'मल्टिप्लाय' नांवाची थराची एक पद्धत आहे, आणि ती शब्दशः गुणाकारच आहे. प्रत्येक रंग तांबडा, हिरवा व निळा ह्या तीन प्रकाशांच्या मापांनीं सांगितला जातो. प्रत्येक माप ० ते २५५, म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ रंग. खालच्या थरावर सोनेरी रंग २३०, १८०, ६० असा आहे आणि वर जांभळट छाया १५०, १४०, १९० अशी ठेविली, तर प्रत्येक जोडीचा गुणाकार करून २५५ नें भागावयाचें. उत्तर येतें १३५, ९९, ४५ च्या आसपास, म्हणजे तांबूस झांक असलेला ऊबदार तपकिरी, सोन्याच्या छायेला शोभेल असा. आणि तोच जांभळट थर निळ्या कानांवरून गेला कीं तेथें खोल निळा होतो. एका छायेनें साऱ्या हरिणाला एकाच उजेडांत आणून उभें केलें. हें काळ्यानें झालें नसतें. गणिताचा कंटाळा असलेल्या मुलालाहि हा हिशेब एकदां हातानें करावयास लावावा.

आतां सोनें. येथें पुष्कळ वेळ थांबलें पाहिजे, कारण फसगत होते ती येथेंच. सोन्याला स्वतःचा असा एक रंग चित्रांत नसतोच. देवघरांतली घांसलेली पितळी समई घेऊन खिडकीशीं बसावें. तिच्या दांड्यावर लखलखीत पांढरी रेघ दिसेल, आणि तिला अगदीं खेटून गडद तपकिरी पट्टा; मधें पायरी नाहीं. अंड्यावर उजेड हळूहळू मावळत जातो, समईवर तो एकदम तुटतो. कारण धातु ही आरसाच होय. तिच्यांत खिडकी दिसते, समोरची भिंत दिसते, पाहणाऱ्याचें तोंड लांबोळकें होऊन दिसतें, आणि हें सर्व पिवळ्या कांचेंतून पाहावें तसें रंगलेलें असतें. हरिण जर धातूचें सोनें असेल तर त्याच्या पाठींत आकाश आणि पोटांत गवत दिसलें पाहिजे. पण धातूचें हरिण पानें कशीं खाईल? बहुतेक चित्रें ह्या पेंचांत सांपडतात आणि मारीचाऐवजीं सराफाच्या दुकानांतली मूर्ति तयार होते. वाल्मीकीचें हरिण मऊ होतें. सीतेला त्याच्या कातड्याचा मोह पडला होता. म्हणून अंग केंसाळ ठेवावें, छाया अंड्यासारखी हळू उतरवावी, आणि समईची ती तुटक चमक फक्त थोड्या जागीं द्यावी: पाठीच्या कण्यावर, खांद्याच्या उंचवट्यावर, नाकाच्या दांडीवर. दहा जागीं चमक दिली कीं ती चमक राहत नाहीं. लग्नांतली रोषणाई होते.

रुप्याच्या ठिपक्यांतहि अशीच खोंच आहे. नवशिका ते सारखे वाटोळे काढतो. परंतु बरगड्यांच्या गोलाईवर जसजसें कडेला जावें तसतसा ठिपका चपटा होत जातो, आणि अगदीं काठावर तर नुसती फांक उरते. वाटोळा ठिपका कडेला ठेविला कीं हरिणाचें अंग तत्काळ पाटासारखें सपाट होतें. मग छाया कितीहि घाला. ठिपक्यांचा थर छायेच्या थराखालीं ठेवावा म्हणजे छाया त्यांवरहि पडते. कित्येक चित्रांत छायेंतले ठिपके काजव्यांसारखे चमकतात तें हा क्रम उलटा झाल्यामुळें.

रत्नांची आणि कानांची गोष्ट वेगळी, कारण तेथें प्रकाश आंत शिरतो. उन्हांत बसलेल्या सशाचे किंवा वासराचे कान मागून पाहावे. आंतून तांबूस पेटल्यासारखे दिसतात. इंद्रनीळ कान झाले तरी उन्हाकडे पाठ असतांना त्यांच्या कडा आंतून उजळल्या पाहिजेत. रत्नाचा नियम तर अंड्याच्या अगदीं उलट: चमकेचा बिंदु दिव्याच्या बाजूला, पण रत्न उजळतें तें समोरच्या, दुसऱ्या बाजूला, कारण प्रकाश आंतून पार होऊन तेथें पोंचतो. शरबताचा पेला उन्हांत धरला कीं हें दिसतें.

इंद्रधनुष्यी शेपटाशीं मात्र बहुतेक मुलें हात टेकतात. सातही रंग सारखे चोख लावले तर शेपूट चित्रांतून उठून बाहेर येतें. कारण पिवळा जात्याच उजळ आणि निळा जात्याच गडद. छाया मात्र ठरणार दिव्यावरून, रंगावरून नव्हे. तपासण्याची युक्ति सोपी आहे. सर्वांच्या वर एक करडा थर घालून त्याची पद्धत 'कलर' अशी ठेवावी, म्हणजे चित्र जुन्या चित्रपटासारखें बिनरंगी होतें. फाळके ह्यांच्या १९१७ सालच्या 'लंकादहन'ला रंग नव्हता, तरी प्रेक्षकांना राम आणि सीता दोन्ही दिसलीं, आणि त्या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके ह्या एकाच नटाच्या होत्या! बिनरंगी केल्यावर हरिण गोल दिसत असेल तर रंग कसेहि असोत, चित्र उभें आहे. गोल दिसत नसेल तर रंग बदलून कांहीं उपयोग नाहीं. छायेकडे परत जावें.

छाया भरण्याच्या पद्धति कोणत्या, ह्याविषयीं विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रांत तीन प्रकार सांगितले आहेत: पानांच्या शिरांसारख्या रेघांनीं, अत्यंत सूक्ष्म रेषांनीं, आणि ठिपक्यांनीं. त्यांचीं नांवें पत्रज, ऐरिक आणि बिंदुज. संगणकाच्या शेंकडों ब्रशांपुढें गोंधळून गेलेल्या मुलाला हे तीन पुरे आहेत. केंसाळ अंगाला सूक्ष्म रेषा, खडबडीत शिंगाला ठिपके, पाठीमागच्या झाडोऱ्याला पानाच्या रेघा. मऊ कडेचा मोठा ब्रश सर्वत्र फिरविण्याचा मोह अनावर असतो; त्यानें चित्र गुळगुळीत होतें आणि साबणाच्या वडीसारखें दिसूं लागतें.

हल्लीं चार शब्द लिहून दिले कीं यंत्र स्वतःच असलें हरिण क्षणांत काढून देतें. कित्येकदां तें दिसतेंहि देखणें. घरांतली वडील मंडळी मुलाला विचारतात कीं मग महिना महिना शेपटाशीं झुंजण्याचें कारण काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर मुलाला तोंडानें देतां येत नाहीं. पण तोच मुलगा एके दिवशीं त्या यंत्राच्या चित्राकडे पाहून म्हणतो, "शिंगाची सावली उजवीकडे आणि पायांची डावीकडे कशी?" वडिलांना ती तोंवर दिसलेली नसते.

सीतागुंफेपाशीं वडाखालीं दुपारीं उभें राहिलें तर जमिनीवर उन्हाचे कवडसे पडलेले दिसतात. पानांमधल्या फटी वाटेल त्या आकाराच्या असतात, परंतु पुष्कळसे कवडसे वाटोळे. कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याचीच लहानशी प्रतिमा असते. हरिण अशा झाडाखालीं उभें केलें तर त्याच्या रुपेरी ठिपक्यांत हे उन्हाचे ठिपके मिसळतात आणि कोणता कोणाचा हें लवकर ओळखूं येत नाहीं. अशीं चित्रें पहिल्याच खेपेस साधत नाहींत. चौथ्या-पांचव्या चित्राशीं मुलें चिडून सर्व पुसून टाकतात. तसें करूं देऊं नये. जुनीं चित्रें तारीख घालून ठेवावीं, आणि सहा महिन्यांनीं तींच पुन्हां उघडून त्यांतली छाया तेवढी नव्यानें घालावी.

डोळा शेवटीं. कथेंतला मारीच पंचवटीला आला तो मरण ठरलेलें जाणून. न जावें तर रावण मारील आणि जावें तर राम. म्हणून डोळ्यांत चमकेचा बिंदु एकच द्यावा, दिव्याच्या बाजूला, लहान. वरच्या पापणीची सावली बुबुळाच्या वरच्या भागावर पडूं द्यावी. आणि तोंड पुढें पानांकडे असलें तरी एक कान मागें वळवून ठेवावा.